खान्देशातली पोरगी इंडियाच्या फुटबॉल टीमपर्यंत जाईल का? आधी मॅचचा हिशोब बघा

सावद्याजवळच्या एका केळी लावणाऱ्या भाऊंनी प्रश्न विचारलाय, थोडक्यात तो असा: "मुलगी सातवीत आहे, १२ वर्षांची. गावातल्या पोरांमध्ये फुटबॉल खेळते, डावा पाय जबरदस्त आहे. २०२५ च्या जुलैत इंडियाच्या मुलींनी थायलंडला हरवलं त्याचे व्हिडिओ बघून तिने ठरवूनच टाकलंय की इंडियाकडून खेळायचं. आपल्या भागातून कोणी तिथपर्यंत गेल्याचं आम्ही ऐकलं नाही. खरंच होईल का काही, की पोरीची वर्षं वाया जातील? पुण्याला होस्टेलला टाकू का? यात पुढे पैसा, नोकरी आहे का?"

भाऊ, मी भुसावळकडे बऱ्याच वर्षांपासून मुलींना फुटबॉल शिकवते, त्याआधी स्वतः स्टेटपर्यंत खेळले आहे, त्यामुळे जे डोळ्यांनी बघितलंय तेच सांगते. होऊ शकतं. पण तुम्ही होस्टेल, ट्रायल, अकॅडमी या टोकाकडून विचार करताय आणि बहुतेक सगळे पालक तिथूनच सुरू करतात, तर आधी मला एक सांगा, तुमची पोरगी वर्षात किती मॅच खेळते? प्रॅक्टिस नाही म्हणत मी, खरी मॅच, समोर दुसरी टीम, रेफरी, हारजीत. बाकी सगळं त्यानंतर येतं.

आपल्याकडे काय होतं ते बघा. शालेय स्पर्धा पावसाळ्यात लागतात, ऑगस्ट-सप्टेंबरात. ग्राउंड काळ्या मातीचं, दोन दिवस पाऊस झालेला, बुटाला माती अशी चिकटते की दहा मिनिटांत पाय उचलत नाही, बॉल पास केला तर मध्येच थांबतो. मुलींच्या गटात चार-पाच शाळांची नावं असतात, त्यातली एक टीम येतच नाही, एकीच्या अकरा पोरी पूर्ण होत नाहीत म्हणून कबड्डीच्या आणि खो-खोच्या पोरी बूट घालून उभ्या करतात. स्पर्धा नॉकआउट, म्हणजे पहिली मॅच हरली की संपलं, एकदम पुढच्या वर्षी. आणि त्या एका मॅचमध्ये सगळ्या पोरी बॉलमागे घोळक्याने पळतात, तुमच्या मुलीसारखी एखादी चांगली खेळणारी असेल ना, तिच्या पायाला बॉल पाच-सहा वेळा लागतो. वर्षभरात एवढाच तिचा मॅचचा अनुभव! मग १५ व्या वर्षी कोणीतरी तिला ट्रायलला घेऊन जातं, तिथे मणिपूर-झारखंडच्या पोरींबरोबर खेळणाऱ्या, मुंबईच्या लीगमध्ये खेळणाऱ्या मुली असतात, आणि आपली पोरगी पळण्यात कोणाला ऐकत नाही पण बॉल आल्यावर काय करायचं ते ठरवायला तिला दोन सेकंद जास्त लागतात. तिथेच कटते. घरी येऊन सगळे म्हणतात वशिला लागतो. वशिल्याच्या गोष्टी मीही ऐकल्या आहेत, नाकारत नाही, पण आपल्या बहुतेक पोरी वशिल्याने नाही कटत, मॅच कमी पडल्याने कटतात.

आणि हा फक्त जळगाव-धुळ्याचा प्रॉब्लेम नाहीये. आपल्या नॅशनल टीमची सगळी गोष्टच मला तरी मॅच मिळण्या-न मिळण्याची गोष्ट वाटते.

हे फार लोकांना माहीत नसतं, पण इंडियाच्या मुली एकेकाळी आशियात दुसऱ्या नंबरला होत्या. १९७५ मध्ये मुलींच्या फुटबॉलची वेगळी संघटना निघाली, पुरुषांच्या फेडरेशनशी तिचा संबंध नव्हता, पैसा जेमतेम. तरी १९८० च्या जानेवारीत कोळिकोडला आशियाई स्पर्धा झाली त्यात आपण फायनल खेळलो, १९८३ ला बँकॉकला परत फायनल खेळलो. शांती मलिक त्या काळातल्या, १९८३ ला अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. तेव्हा चीन या चित्रात नव्हता आणि जपान नुकतं कुठे सुरू करत होतं. मग १९९१ ला पहिला महिला वर्ल्ड कप चीनमध्येच झाला, जपानने त्याच्या थोडं आधीच आपल्या मुलींची लीग सुरू केली होती, ती वर्षानुवर्षं चालवली आणि २०११ ला जपान वर्ल्ड चॅम्पियन झालं. आपल्याकडे नव्वदच्या आसपास मुलींचा फुटबॉल एआयएफएफकडे, म्हणजे त्याच देशाच्या फुटबॉल फेडरेशनकडे आला, अधिकृत झाला, पण मॅच काही वाढल्या नाहीत. इतक्या नाही वाढल्या की २००९ च्या जूनमध्ये फिफाने आपल्या टीमचं नावच रँकिंगमधून काढून टाकलं, कारण दीड वर्षात टीम एकही आंतरराष्ट्रीय मॅच खेळली नव्हती. बेमबेम देवीसारखी खेळाडू त्या वर्षांत खेळत होती, जिला पुढे २०१७ ला अर्जुन आणि २०२० ला पद्मश्री मिळाली, तिच्या ऐन उमेदीच्या काळात देशाची टीम मैदानावर उतरतच नव्हती. मला याचा आजही राग येतो.

नंतर परत सुरुवात झाली. २०१० पासून सॅफ चॅम्पियनशिप, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची स्पर्धा सुरू झाली, पहिल्या पाचही आपण जिंकल्या, आणि सगळ्यांना वाटलं झालं, आता चाललंय बरोबर. पण नेपाळ, बांगलादेश हळूहळू पुढे येत होते, २०२२ ला बांगलादेशने आपल्याला ३-० ने हरवलं, सेमीफायनलला नेपाळने बाहेर काढलं, २०२४ ला परत नेपाळकडूनच सेमीत गेलो. दोन्ही वेळेस बांगलादेश चॅम्पियन. बांगलादेशने केलं काय तेवढं? त्यांनी २०११ पासून प्राथमिक शाळेतल्या मुलींसाठी देशभर फुटबॉल स्पर्धा सुरू केली. मैमनसिंगकडे कलसिंदूर म्हणून एक खेडं आहे, त्या एका गावच्या शाळेतल्या पोरी ही स्पर्धा जिंकत गेल्या आणि पुढे त्याच गावातून कितीतरी मुली देशाच्या टीममध्ये गेल्या. गावात स्टेडियम नव्हतं की परदेशी कोच नव्हता, शाळेतल्या शिक्षकांनी शिकवलं. पण दहाव्या-अकराव्या वर्षापासून खऱ्या मॅच मिळाल्या. मी प्रत्येक शिक्षक मीटिंगला हे कलसिंदूरचं उदाहरण देते.

आता उलटं उदाहरण. २०२२ ला मुलींचा अंडर-१७ वर्ल्ड कप आपल्याकडे झाला, भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत. यजमान म्हणून आपल्याला थेट एंट्री. मुलींचा कॅम्प लागला, स्वीडनचे कोच होते, परदेश दौरे झाले, पोरींनी जीव तोडून मेहनत केली. रिझल्ट? अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-०, ब्राझीलकडून ५-०. लोकांनी पोरींना नको नको ते बोललं. अहो, समोरच्या अमेरिकन मुली सात-आठ वर्षांच्या असल्यापासून दर आठवड्याला मॅच खेळून आलेल्या, आपल्यातल्या बऱ्याच जणींनी नीट फुटबॉल सुरू केला तोच अकरा-बाराव्या वर्षी. ते अंतर कॅम्पने कसं भरणार? तुम्ही केळीवाले आहात, तुम्हाला मी काय सांगू, पहिले सहा-सात महिने बागेकडे बघितलं नाही आणि निसवणीच्या टायमाला खताच्या गोण्या ओतल्या तर घड भरतो का?

म्हणून थायलंडची मॅच मला एवढी मोठी वाटते. ५ जुलै २०२५, चिआंग माई, त्यांच्याच घरी. आपण ७० व्या रँकला, ते ४६ व्या, दोन वर्ल्ड कप खेळलेली टीम. त्याआधी मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-० असं हरवून आपण आलो होतो पण ग्रुपमधून एकच टीम पुढे जाणार होती. संगीता बासफोरने २९ व्या मिनिटाला गोल केला, ब्रेकनंतर लगेच त्यांनी बरोबरी केली, आणि मग ७४ व्या मिनिटाला परत संगीता. २-१. पहिल्यांदाच क्वालिफायर खेळून आपण एशियन कपला गेलो. २०२२ चा एशियन कप आपल्याकडेच होता, मुंबई-पुण्यात, तेव्हा यजमान म्हणून खेळलो, आणि इराणबरोबर ०-० झाल्यावर टीममध्ये कोरोना निघाला, १३ खेळाडूसुद्धा उभे करता येईनात म्हणून स्पर्धेतूनच बाहेर पडावं लागलं होतं. त्या रात्री माझ्याकडच्या पोरी फोनवर रडत होत्या. तर त्यानंतर साडेतीन वर्षांत हे घडलं. त्या टीमचे कोच क्रिस्पिन छेत्री, आपल्याच देशातले, इंडियन विमेन्स लीगमध्ये टीम सांभाळून आलेले. आणि फक्त सिनियर नाही, त्याच वर्षी अंडर-२० आणि अंडर-१७ च्या मुलीही आपापल्या एशियन कपला क्वालिफाय झाल्या. आपोआप नाही झालं हे, लीग चालू झाल्याचा परिणाम आहे.

लीगचं पण सांगते, कारण पुढे तुमच्या पैशाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ ला सुरू झाली. सुरुवातीला सगळ्या टीम एका शहरात बोलवायच्या आणि महिनाभरात उरकून टाकायचं. २०२३ ची लीग अहमदाबादला एप्रिल-मेमध्ये झाली, १६ टीम, त्या उन्हात! आपल्याला माहितीय मे महिन्यातलं ऊन काय असतं ते. त्यानंतर होम-अवे सुरू झालं, प्रत्येक टीमशी एकदा आपल्या घरी आणि एकदा त्यांच्या घरी, म्हणजे ८ टीम असल्या तर एका टीमला १४ मॅच. सुधारणा आहेच, पण १४ म्हणजे अजून कमी आहे हो, इंग्लंडच्या लीगमध्ये १२ टीम होत्या तेव्हा २२ मॅच व्हायच्या आणि कपच्या मॅच वेगळ्या. म्हणजे देशातल्या सगळ्यात चांगल्या पोरींनाही मॅच पुरत नाहीत, मग सावद्याच्या पोरीला कुठून मिळणार? त्या आपणच तयार करायच्या.

कशा, ते सांगते, हा माझ्या उत्तराचा खरा भाग आहे.

पहिलं, गावातल्या पोरांबरोबर ती खेळते ते बंद करू नका. घरातली म्हातारी माणसं बोलतील, माझ्याकडच्या एका पोरीची आजी रोज ग्राउंडच्या कडेला येऊन म्हणायची, "हाऊ काय पोरीस्ना खेळ शे का?" आणि तीच आजी पुढे नातीची बॅग घेऊन बसायची. तेरा-चौदा वर्षांपर्यंत पोरांबरोबर खेळल्याने फायदाच होतो, पोरं वेगात अंगावर येतात त्यामुळे बॉल लवकर सोडायची सवय लागते. देशाकडून खेळलेल्या कितीतरी मुली अशाच सुरू झाल्या. फक्त एक मोठं माणूस तिथे असू द्या, आणि पोरांनाही आधीच नीट सांगून ठेवा.

दुसरं, लीग काढा. घाबरू नका, लीग म्हणजे फार काही नाही. सावदा, फैजपूर, रावेर, यावल एवढ्या भागात चार शाळा धरा. अकरा-अकरा पोरी मिळणार नाहीत म्हणून सात-सातची टीम करा, अर्ध्या ग्राउंडवर. दिवाळीनंतर सुरू करा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आपल्याकडे फुटबॉलला याच्यासारखा सीझन नाही, माती वाळलेली असते, ऊन सहन होतं. दर रविवारी सकाळी दोन मॅच. चार टीमनी एकमेकींशी दोनदा खेळायचं म्हटलं की सहा रविवारांत प्रत्येक टीमच्या सहा मॅच होतात. नॉकआउट अजिबात ठेवू नका, हरलेल्या टीमला तर जास्त मॅच पाहिजेत. खर्च काय, चुना, शिट्टी, दोन बॉल, आणि केळी तर तुमच्याकडचीच. सात-सातच्या मॅचमध्ये पोरीच्या पायाला बॉल किती वेळा लागतो ते तुम्ही स्वतः बसून मोजा, मग शालेय स्पर्धेतल्या मॅचला मोजा, तुम्हालाच फरक कळेल. मी तर म्हणते पालकांनी गोल मोजायचं सोडून हेच मोजावं.

तिसरं तिच्या डाव्या पायाचं. डावखुरी चांगली खेळाडू सगळ्यांना पाहिजे असते, लेफ्ट बॅकला आणि लेफ्ट विंगला पोरी मिळतच नाहीत, तर तो तिचा मोठा प्लस आहे. पण गावात शूट जोरात मारला की सगळे टाळ्या वाजवतात आणि पोरगी शूटच मारत राहते. ट्रायलला बघणारा माणूस शूट नाही बघत, पहिला टच बघतो. बॉल यायच्या आधी ती मान वळवून मागे बघते का, बॉल घेताना अंग थोडं आडवं ठेवून लांबच्या पायाने घेते का, की समोरून येईल तसा अडवते आणि मग विचार करते. याची प्रॅक्टिस घरी होते. घराची नाहीतर गोठ्याची भिंत, पाच-सहा पावलं लांब उभं राहायचं, एका स्पर्शात डाव्याने, मग उजव्याने. मग तुम्ही तिच्या मागे उभे राहा आणि बॉल भिंतीवरून परत येत असताना हाताची बोटं दाखवा, तिने मान वळवून आकडा सांगायचा आणि तरी बॉल नीट घ्यायचा. रोज पंधरा-वीस मिनिटं, कंटाळा येण्याआधी थांबायचं. उजवा पायही तयार करा, नाहीतर समोरची डिफेंडर पाच मिनिटांत ओळखते.

आता तब्येत, आणि यावर मी जरा जास्त बोलणार, कारण आपल्या पोरी इथे मागे पडतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी निघालं. अर्ध्याहून जास्त! कोच म्हणतो पोरगी आळशी आहे, सेकंड हाफला पळत नाही, आणि तिचं हिमोग्लोबिन नऊ असतं. तर सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन करून घ्या, दर सहा महिन्यांनी. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात ती पोरी गुपचूप फेकून देतात, तिला समजावून खायला लावा, आणि गोळीवर किंवा जेवणावर लगेच चहा नाही, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळलं तर उलट चांगलं. खाणं आपलं काही वाईट नाही, कळण्याची भाकरी, उडदाची दाळ, शेंगदाणे, गूळ, केळी, खात असाल तर अंडी. बाहेरच्या पावडरीच्या डब्यांमागे लागू नका या वयात.

दुसरं गुडघा. मुलींना एसीएलची, म्हणजे गुडघ्यातल्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त होते, साधारण वयात येतानाच्या वर्षांपासून धोका वाढतो, आणि बहुतेक वेळा कोणी धक्काही मारलेला नसतो, पोरगी उडी मारून उतरते किंवा एकदम वळते आणि गुडघा आत जातो. त्यासाठी फिफा ११ प्लस म्हणून वॉर्मअप आहे, वीस मिनिटांचा, त्यात हळू पळणं, प्लँक, एका पायावर तोल, उडी मारून गुडघे सरळ ठेवून उतरणं असे व्यायाम आहेत, व्हिडिओ फुकट मिळतात. आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने केलं तर दुखापती चांगल्याच कमी होतात हे अभ्यास करून सिद्ध झालेलं आहे. आपल्याकडे वॉर्मअप म्हणजे ग्राउंडला दोन राउंड मारायचे. तेवढ्याने गुडघा वाचत नाही.

आणि पाळी. वडिलांनी वाचायचं का हे, असं वाटत असेल तर हो, वडिलांनीच वाचायचं. खूप पोरी तेराव्या-चौदाव्या वर्षी खेळ सोडतात आणि कारण "अभ्यास" सांगतात. खरं कारण ग्राउंडवर संडास-बाथरूम नाही, चड्डी पांढरी आहे, कोच पुरुष आहे आणि बोलायची लाज वाटते. इंग्लंडच्या टीमने २०२३ ला पांढरी चड्डी बदलून निळी केली, खेळाडूंनी सांगितलं म्हणून. आपण गावात काळी चड्डी तर नक्कीच घेऊ शकतो. लीग काढाल तेव्हा ग्राउंड निवडताना आधी बाथरूम बघा, मग गोलपोस्ट.

कागदपत्रांचं पटकन सांगते. जन्म दाखला, आधार आणि शाळेचा दाखला यात नाव आणि तारीख सारखी पाहिजे, एका अक्षराचा फरक असला तरी आत्ताच दुरुस्त करून घ्या, वयाच्या गटाच्या स्पर्धेत ऐनवेळी पोरी यामुळे परत जातात. शाळेकडून दोन वाटा आहेत, शालेय स्पर्धा आणि सुब्रोतो कप, दोन्ही जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य असं वर जातात, नोंदणी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात होते, शाळेने केली पाहिजे म्हणून जूनमध्येच पीटीच्या सरांच्या मागे लागा. तिसरी वाट असोसिएशनची, आपल्या राज्याची संघटना म्हणजे विफा, तिच्याकडे जिल्ह्याची संघटना जोडलेली असते, तिथून सब-ज्युनियर, ज्युनियरच्या राज्य टीमच्या ट्रायल कळतात. क्लबतर्फे एआयएफएफच्या सीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीत नाव गेलं की तिचा एक नंबर तयार होतो. नॅशनल कॅम्पला मुली निवडतात त्या याच राष्ट्रीय स्पर्धांमधून आणि लीगमधून, शाळेच्या स्पर्धेतून एकदम कोणी उचलत नाही. सिनियर नॅशनलला आता राजमाता जिजाबाई करंडक म्हणतात, आणि तो २० पेक्षा जास्त वेळा एकट्या मणिपूरने जिंकलाय.

मणिपूर म्हटलं की लोक म्हणतात त्यांची शरीरयष्टीच वेगळी. मला हे पटत नाही. २०२२ च्या अंडर-१७ टीमची कॅप्टन अस्तम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी पोरगी. सौम्या गुगुलोत निजामाबाद जिल्ह्यातल्या तांड्यातली, आधी धावायच्या स्पर्धा खेळायची, कोचने तिचा वेग बघून फुटबॉलला आणलं, आणि ती इंडियाची विंगर झाली. आपल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांतल्या पोरी चढ-उतारावर कशा पळतात ते मी बघितलंय, चोपड्या-यावलकडच्या सातपुड्याच्या पाड्यांवरच्या पण. पायात काही कमी नाही त्यांच्या. गुमल्याला होस्टेल आणि मॅच मिळाल्या, धडगावला मिळाल्या नाहीत, फरक एवढाच आहे. कोणी नंदुरबारकडचे शिक्षक वाचत असतील तर आश्रमशाळा-आश्रमशाळांमध्ये लीग काढा, पोरी एकाच कॅम्पसमध्ये राहतात, रोज संध्याकाळी मॅच होऊ शकते, अशी सोय शहरातल्या अकॅडमीलाही नसते.

पैशाचं. स्पष्ट सांगते, मुलींच्या फुटबॉलमध्ये क्रिकेटसारखा पैसा नाही. २०२३ ला एआयएफएफने ठरवलं की इंडियन विमेन्स लीगमधल्या वरच्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला कमीत कमी ३ लाख २० हजारांचा करार द्यायचा. त्यापेक्षा जास्त घेणाऱ्या पोरी आहेत, पण मोजक्या. बाहेरही दारं उघडली आहेत, बाला देवी २०२० ला स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, मनीषा कल्याण सायप्रसच्या क्लबकडून चॅम्पियन्स लीग खेळली. पण घर चालतं ते नोकरीवर. संगीता बासफोर एसएसबीत, म्हणजे सशस्त्र सीमा बलात आहे, मणिपूरच्या कितीतरी जणी पोलिसात. आणि रेल्वे, आपल्या भुसावळच्या लोकांना रेल्वे वेगळी समजावून सांगायची गरज नाही, रेल्वेची मुलींची टीम सिनियर नॅशनलची फायनल खेळलेली आहे. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, त्यासाठी सर्टिफिकेट कोणत्या स्पर्धेचं आणि कोणत्या लेव्हलचं हे बघतात, म्हणून प्रत्येक सर्टिफिकेट जपून ठेवा. आणि अभ्यास सोडायला लावू नका, दहावी पास नसेल तर यातली कोणतीच नोकरी हाती लागत नाही.

राहिलं होस्टेल. आत्ता नको. १२ व्या वर्षी घरचं जेवण, आईजवळ झोप आणि गावातल्या मॅच यांची बरोबरी कोणतंही होस्टेल करत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी राज्य टीमपर्यंत गेली आणि तिला स्वतःला जायचं असेल तर जरूर पाठवा, पण आधी स्वतः जाऊन एक दिवस राहून बघा. मुलींच्या होस्टेलला वॉर्डन बाई रात्री तिथेच राहते का, दुखापत झाली तर फिजिओ कोण, शाळा खरंच भरते की फक्त नावाला, आणि हो, गेल्या वर्षी त्यांच्या अंडर-१५ च्या मुली किती मॅच खेळल्या ते तारखांसकट दाखवा म्हणायचं. गुळगुळीत फोटो आणि टर्फ दाखवतील, तारखा दाखवता आल्या नाहीत तर फी भरू नका. एका अकॅडमीत आमच्याकडची एक पोरगी वर्षभर राहून आली, भरपूर फी देऊन, आणि जेवढ्या मॅच ती इथे भुसावळला खेळत होती त्याच्या निम्म्याही तिथे झाल्या नाहीत.

आमच्या पोरींच्या रविवारच्या मॅच दिवाळीनंतर सुरू होतात, सावद्याहून भुसावळ काही लांब नाही, सकाळी सातला ग्राउंडवर या. पण एकटीला आणू नका, गावातल्या अजून सहा पोरी गोळा करा, बूट नसले तरी चालतील, चार-पाच जोड्या आमच्याकडे आहेत. सात जणी झाल्या की तुमची टीम झाली, लगेच मॅच लावते.